पाहिलेले, ऐकलेले, भोगलेले

कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात देवस्थळी सरांनी आमच्या हातात एकेक कागद दिला. जांभळ्या शाईत सायक्लोस्टाइल केलेला, वर मधोमध 'प्री-डिग्री मराठी लेखन : नियम व अपेक्षा', आणि खाली आकडे घालून मांडलेली वाक्यं. सर नुकतेच पुण्याहून आले होते, पंचविशीचे असतील, आणि जळगावच्या उन्हाने त्यांचं नाक सदा सोललेलं असे. त्यांनी कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला, 'काही शंका?' म्हणून विचारलं, आणि भरल्या वर्गात एकही हात वर झाला नाही. मला शंका इतक्या होत्या की कुठली आधी काढावी हेच सुचेना. दर शनिवारी पहिल्या तासाच्या आत निबंध स्टाफरूमबाहेरच्या लाकडी पेटीत टाकायचा, घंटेनंतर घेतला जाणार नाही, हे कळलं. घरी पाहुणे होते, लग्न होतं, ताप होता, यातलं कुठलंही कारण चालणार नाही, हेही कळलं, जरी आमच्याकडे लग्नापुढे कॉलेज थांबतं असंच सगळे धरून चालत. पण चौथ्या नियमापाशी माझी गाडी अडली. 'फक्त स्वतः पाहिलेले, ऐकलेले किंवा भोगलेले लिहावे.' मॅट्रिकपर्यंत मी 'परोपकार', 'शिस्तीचे महत्त्व' आणि 'विज्ञान : शाप की वरदान' असे निबंध लिहून सत्तरावर मार्क घेतले होते, आणि त्यातलं मी पाहिलेलं काहीच नव्हतं. पाचवा नियम, दुसऱ्याचं वाक्य घेऊ नये, उतरवलेला निबंध सरळ बाद होईल, त्याला दुरुस्ती नाही. सहावा, परत आलेला निबंध एकदाच दुरुस्त करून लिहिता येईल, मात्र तो आधी घरच्या एखाद्या माणसाला वाचून दाखवावा आणि त्याने काय विचारलं ते शेवटी नोंदवावं. दहापैकी आठ निबंध स्वीकृत झाले नाहीत तर टर्म मिळणार नाही. आणि अगदी तळाला एकच ओळ होती, 'सुंदर लेखनाची अपेक्षा नाही.' मग आम्ही तिथे कशासाठी आलो होतो, असा मला प्रश्न पडला.

टर्म न मिळण्याचा अर्थ वर्गातल्या बाकीच्यांसाठी काय होता कोण जाणे, माझ्यासाठी तो अगदी सरळ होता. धरणगावजवळच्या आमच्या गावातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी. वडिलांनी, म्हणजे नानांनी, सहा महिने नाही-नाही करून शेवटी होकार दिला होता, आणि तोही मान वर न करता. बैलाला ढेप चारता चारता ते म्हणाले होते, "जाय. पन एक टर्म गयी का वळकटी परत." नाना जे एकदा बोलत ते पुन्हा बोलत नसत, त्यामुळे ते वाक्य माझ्या डोक्यात तसंच्या तसं बसलं. माझा चुलतभाऊ प्रभाकर माझ्याहून अडीच वर्षांनी मोठा, पण मॅट्रिकला दोनदा नापास झाल्यामुळे आम्ही एकाच वर्गात आलो. त्याला असली अट कुणी घातली नव्हती. तो मुलगा होता, आणि शिवाय मोठ्या काकांचा.

जळगावात आमच्यासाठी दोन खोल्या घेतल्या होत्या आणि रांधून घालायला अक्का आली होती. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली ती कायमची, आणि तेव्हापासून घरात कुणाचं बाळंतपण असो की कुणाचं शिक्षण, अक्काची पेटी तिकडे जाई. मारवाडी घरमालकांची डाळमिल मागच्याच गल्लीत होती. सकाळी सातला ती सुरू झाली की भिंतीवरची फळी आणि फळीवरचे पितळी डबे बारीक आवाजात वाजायला लागत, ते संध्याकाळपर्यंत. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की रविवारी मिल बंद असली की आम्ही तिघंही विनाकारण मोठ्याने बोलत असू. अक्का स्टोव्हवर कधी भाकरी करायची नाही. तिने आल्याबरोबर घरमालकीणबाईंना न विचारताच अंगणाच्या कोपऱ्यात चूल मांडली आणि मग कळण्याची भाकरी आणि ठेचा पोचवून परवानगी मिळवली. कळण्याच्या त्या भाकरीचा, उडीद घातलेल्या ज्वारीचा, जरासा खरपूस वास मला अजूनही कुठे आला तर भूक लागते. हल्ली धुळ्यात हॉटेलवाले तीच भाकरी केळीच्या पानावर ठेवून कौतुकाने आणून देतात, पण ती चुलीवरची नसते, आणि मी तसं सांगितलं की सून मला पायाने खुणावते.

नियमांचा कागद मी पहिल्याच दिवशी अक्काला वाचून दाखवला, कारण तिनेच विचारलं, "काय लिखेल शे त्यामा?" अक्काला वाचता येत नव्हतं, पण घरात आलेला कुठलाही कागद, अगदी सामान बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडासुद्धा, तिला वाचून दाखवावाच लागे. तिने मटकी निवडत सगळं ऐकलं. सहाव्या नियमावर, घरच्या माणसाला वाचून दाखवण्यावर, ती हसली. चौथ्यावर मात्र तिने हात थांबवला. म्हणाली, "भोगेल कोनी लिखस का? मास्तरले आपला घरशी काय करनं शे?" प्रभाकर म्हणाला, "अक्का, आते हाईच शिक्षन शे." त्यावर ती म्हणाली की मग तिचं शिक्षण कधीच पुरं झालं आहे, आणि मटकी घेऊन उठली.

माझा पहिला निबंध 'माझी आई' हा होता. 'आई म्हणजे मायेचा अथांग सागर' अशी सुरुवात करून मी तो अडीच पानं नेला. परत आला तेव्हा त्यावर लाल शाईत एकच वाक्य होतं, 'हे कुठे पाहिलंस?' मी सागर खोडून नदी केली. पुन्हा परत आला, आणि त्याबरोबर दुरुस्तीची संधीही संपली. दुसऱ्या निबंधाचं तेच झालं. दहातले दोन बाद झाले आणि मला अजून कळत नव्हतं की सरांना हवंय तरी काय. वर्गातल्या एका मुलीने सांगितलं की ते पुण्याचे आहेत, त्यांना संस्कृत शब्द घातले की आवडतं. दुसरी म्हणाली की त्यांना संस्कृत शब्दच चालत नाहीत. प्रभाकरचे दोन्ही निबंध पहिल्या फटक्यात स्वीकृत झाले होते, आणि त्याने काय लिहिलं होतं तर आमच्या गावचा न्हावी वस्तऱ्याला धार कशी लावतो ते. मला वाटलं, हा काय निबंधाचा विषय झाला? तिसऱ्या खेपेला हरल्यासारखी होऊन मी अक्का फुनकी कशी करते ते लिहून टाकलं. तुरीची डाळ भिजवून वाटायची, त्यात कांदा, लसूण, हिरवी मिरची घालून मुठीने वळायची, वाफवायची आणि कढीबरोबर खायची. परत आला, 'मुठीने म्हणजे कसं?' मग नियमाप्रमाणे मी दुरुस्त केलेला निबंध अक्कापुढे बसून वाचला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मीठ राह्यनं." खरंच, दोन पानांत मी कुठे मीठच घातलं नव्हतं. तो निबंध स्वीकृत झाला. पुढचे दोनही झाले. पण का झाले, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. अंधारात चाचपडत एखाद्या वेळी कडी हाताला लागावी, तसं ते होतं. उरलेल्या पाचांपैकी पाचही मात्र लागायलाच हवे होते.

परवा माझी नात तिच्या कॉलेजचा असलाच कागद मोबाइलवर दाखवत होती. चौदा पानी आहे. त्यात कॉपी कशाला म्हणायचं याचीच तीन पानं आहेत, आणि खाली 'मी हे वाचले व समजले' असं बोटाने दाबायचं असतं. "तू वाचलंस?" मी विचारलं. "आजी, कुणी वाचतं का हे?" ती म्हणाली आणि दाबून मोकळी झाली. मला त्या पोरीचा हेवा वाटला.

सहाव्या निबंधाचा विषय होता 'मी अनुभवलेला एक प्रसंग'. या वेळी मी गोंधळले नाही. असा एकच प्रसंग आमच्या घरात होता आणि तो मला तोंडपाठ होता. मी लहान असताना कापसाने भरलेली आमची गाडी धरणगावच्या जिनात, सरकी काढायच्या गिरणीत, निघाली होती. आबा, म्हणजे आजोबा, हाकत होते, आणि बाजारचा दिवस म्हणून अक्का आणि लेकरं कापसावर बसली होती. वाटेत कुणाच्या तरी बिडीची ठिणगी उडाली आणि कापूस आतल्या आत पेटला. ही गोष्ट अक्का सांगायची. दिवाळीला, लग्नघरात, ज्वारीचे बिबडे वाळत घालताना, चार बाया जमल्या की कुणीतरी म्हणायचं, "अक्का, गाडीनी गोष्ट सांग," आणि अक्का सांगायची. वर्षानुवर्षं तिचा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. "धूर पहिले बैलसले समजना, मंग माले." इथे ती थांबायची. मग म्हणायची, "मांडीवर पोर, मांगे पोऱ्या, खाले इस्तू." इथे आम्ही पोरं तिच्याबरोबर तोंड हलवायचो. मग ती पोरीला पोटाशी धरून गाडीवरून उडी मारायची, आबा प्रभाकरची तंगडी धरून त्याला खाली ओढायचे, पेटती गाडी ओढ्यात घालून विळ्याने बैलांचे दोर तोडायचे, आणि बैल काठावर जाऊन असे उभे राहायचे की जणू त्यांचं याच्याशी काही देणंघेणं नाही. त्या बैलांवर सगळे हसायचे आणि गोष्ट संपायची.

मांडीवरची पोर ती मी. मला ते स्वच्छ आठवत होतं. अक्काच्या लुगड्याचा घामट वास, डोळ्यांत जाणारा धूर. मी एका बैठकीत निबंध लिहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा एकही शब्द खोडला नाही. 'धूर आधी बैलांना कळला, मग आम्हाला,' असं लिहून मी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, सर म्हणतात ते हेच असणार.

बुधवारी देवस्थळी सरांनी मला आणि प्रभाकरला स्टाफरूममध्ये बोलावलं. टेबलावर आमचे दोन निबंध शेजारी शेजारी ठेवले होते आणि दोन्हींत ओळींखाली लाल रेघा होत्या. प्रभाकरनेही तोच प्रसंग लिहिला होता. 'धूर आधी बैलांना कळला, मग आम्हाला.' माझं, 'मी मांडीवर, मागे भाऊ, खाली विस्तव.' त्याचं, 'अक्काच्या मांडीवर मुलगी, मागे मी, खाली विस्तव.' बैलांचं देणंघेणंसुद्धा दोघांकडे होतं. आम्ही एकमेकांचं पाहिलं नव्हतं. तो बाहेरच्या खोलीत लिहायचा, मी आतल्या, आणि परीक्षेतल्यासारखे आम्ही वह्या झाकून ठेवायचो. हे मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "एकाच घरातल्या दोघांनी, एकमेकांना न विचारता, अकरा वाक्यं सारखी लिहिली?" त्यांचा आवाज चढला नव्हता, ते खरंच विचारत होते. मला उत्तर येत होतं, पण ते सांगायचं कसं ते कळेना. आमच्या घरात ती गोष्ट सांगायची दुसरी रीतच नव्हती. दुसऱ्या शब्दांत सांगितली असती तर ती खोटी वाटली असती. सरांनी शेवटी सांगितलं की दोघांपैकी ज्याचा तो मूळचा असेल त्याचा स्वीकारू, दुसऱ्याचा बाद. सोमवारपर्यंत घरच्या मोठ्या माणसाकडून काय ते नीट समजून या.

कॉलेजच्या फाटकापाशी प्रभाकर म्हणाला, "सुमे, मी सांगतो मी तुझं पाहून लिहिलं. माझा एक गेला तर काही बिघडत नाही. तुझा गेला तर वळकटी." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "पण तू माझं पाहिलेलं नाहीस. आणि मीही नाही. मग कशाला खोटं बोलायचं? आपण दोघंही तिथं होतो." तो चपलेच्या टाचेने माती उकरत राहिला. मला वाटलं, हा मला भीक घालतोय, आणि मी घरापर्यंत त्याच्या चार पावलं पुढे चालत गेले.

शनिवारी दुपारी प्रभाकर मित्राकडे गेला होता. मी अक्काला सगळं सांगितलं आणि म्हटलं की सोमवारी तू माझ्याबरोबर कॉलेजात चल, सरांना सांग की आम्ही दोघं गाडीवर होतो, प्रभाकर मागे आणि मी मांडीवर. मोठ्या माणसाचं ते ऐकतील. अक्का शेंगदाण्यांची सालं काढत होती. सुपातली सालं तिने फुंकून उडवली, पुन्हा फुंकली. मिलच्या आवाजाने डबे वाजत होते.

मग ती म्हणाली, "परभाकर व्हता. तू नही व्हती."

"मंग मी कोठे व्हती?"

"चोपडाले. तुना मामाना घर. तुनी माय तवय महिनाभर तठेच व्हती."

"मंग मांडीवर कोन व्हतं?"

"मनी जमना."

अक्काला एक मुलगी होती हे मला माहीत होतं, आपल्याला आपल्या जन्माआधीच्या गोष्टी माहीत असतात तसं. लहानपणीच गेली, एवढंच. तिचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. गाडी पेटली तेव्हा जमना तीन वर्षांची होती. त्यातून ती सुखरूप वाचली आणि पुढच्या वर्षी गोवराने गेली. त्यानंतर घरात कुणी तिचं नाव घेतलं नाही, अक्काला त्रास होईल म्हणून. अक्काने घेतलं नाही, बाकीच्यांना त्रास होईल म्हणून. ती फक्त गाडीची गोष्ट सांगत राहिली आणि 'पोर' म्हणत राहिली. "तू ल्हानी व्हती," अक्का म्हणाली. "एक दिन तू इचारं, मांडीवर मीच व्हती ना? मी हा म्हनं. तुले बरं वाटनं." मग म्हणाली, "मालेबी."

मला तेव्हा काय वाटलं ते सांगायचा मी बरेचदा प्रयत्न केला आहे. दुःख झालं म्हणावं तर जमनाला मी कधी पाहिलं नव्हतं. माझी फसवणूक झाली असं मनात येई, आणि मग पंधरा वर्षं दुसऱ्याच्या जागी बसून राहिलेली मीच, असंही वाटे. धूर मला आठवत होता. अजूनही आठवतो. तो डोळ्यांत कसा गेला ते मी आत्ताही सांगू शकते. मग तो पाहिलेला, ऐकलेला की भोगलेला? त्या कागदावर याचं उत्तर नव्हतं. संध्याकाळी प्रभाकर आला तेव्हा मी त्याला विचारलं, "तुला माहीत होतं?" तो म्हणाला, "मी पाच वर्षांचा होतो. तिचा हात माझ्या हातात होता. पण घरात तू मांडीवर होतीस असं सगळे चालवून घेत होते, मी कशाला मोडू?" म्हणजे फाटकापाशी तो मला भीक घालत नव्हता. मी त्याची माफी मागायला हवी होती. मागितली नाही. तो गेला त्याला आता नऊ वर्षं झाली.

सोमवारी मी एकटीच सरांकडे गेले आणि म्हटलं की निबंध प्रभाकरचा आहे, तो तिथे होता, मी नव्हते. आणि तरी मी उतरवलेला नाही. मग सगळं सांगितलं. मधेच रडले, त्याची मला अजून लाज वाटते. देवस्थळी सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नियमांचा कागद त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होता. त्याच्याकडे बघत ते म्हणाले, "असं काही होईल याचा मी विचार केला नव्हता." मला तोवर वाटत होतं की त्या जांभळ्या कागदामागे सगळं ठरलेलं, समजलेलं काहीतरी आहे आणि ते फक्त मला कळत नाही. शेवटी त्यांनी चौथ्या नियमावर बोट ठेवलं. "ऐकलेलं चालतं. ऐकलेलं म्हणून लिही. कुणाकडून ऐकलं, मांडीवर कोण होतं, तू कुठे होतीस, सगळं. शनिवारी पेटीत आला तर दुरुस्ती म्हणून घेईन. आला नाही तर बाद." मी उठले तेव्हा ते म्हणाले, "आणि सहावा नियम लक्षात आहे ना?"

सहावा नियम माझ्या लक्षात होता. मला तो निबंध अक्काला वाचून दाखवायचा होता.

आठवडाभर मी लिहिलं आणि फाडलं. प्रभाकरला वाचून दाखवावा म्हटलं, तोही घरचाच माणूस. पण जिची गोष्ट तिच्या पाठीमागे ती दुसऱ्याला वाचायची, हे मला जमेना. गप्प बसले तर टर्म जाईल. वाचलं तर ज्या नावाभोवती सगळं घर इतकी वर्षं हळू चाललं ते मी निबंधासाठी उच्चारणार. शुक्रवारी संध्याकाळी भाकऱ्या झाल्यावर मी वही घेऊन चुलीपाशी बसले. अक्का म्हणाली, "वाच." तिला कुणी सांगितलं होतं की तिने ओळखलं, ठाऊक नाही. मी वाचलं. 'ही गोष्ट मी पाहिलेली नाही. ती माझ्या आत्याकडून मी इतक्यांदा ऐकली की मी तिच्यात जाऊन बसले. मांडीवर जमना होती.' पुढे उडी, ओढा, बैल. मी लिहिलं होतं की जमनाच्या अंगात पिवळा झगा होता. ते मी आपलं घातलं होतं, काहीतरी दिसायला हवं म्हणून.

अक्का चुलीतली लाकडं मागे ओढत होती. म्हणाली, "पिवळा नही. हिरवा व्हता. खिशाना."

हा खिशाचा हिरवा झगा त्या गोष्टीत कधीच नव्हता. मी तिथेच चुलीच्या उजेडात पिवळा खोडून हिरवा केला. अक्का आणखी काही बोलेल म्हणून थांबले, पण तिने ताटं घेतली. खाली मी लिहिलं, 'घरच्या माणसाने विचारलेले प्रश्न : नाहीत. सांगितलेली दुरुस्ती : एक.' आणि शनिवारी घंटेच्या आत पेटीत टाकलं.

निबंध परत आला तेव्हा त्यावर फक्त 'स्वीकृत' होतं. मी पान उलटून पाहिलं, मागे पाहिलं. कुठलाही प्रश्न नव्हता. मला वाईट वाटलं. इतकं सगळं करून त्या माणसाला काहीच विचारावंसं वाटलं नाही? पुढचे चारही निबंध कसेबसे पार पडले आणि दिवाळीच्या सुट्टीआधी फलकावर टर्म मिळालेल्यांची यादी लागली, तीत माझं नाव होतं. नानांनी ऐकलं आणि म्हणाले, "बरं." वळकटीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

दिवाळीला सगळे गावी जमलो. पाडव्याच्या दुपारी अंगणात जेवणं आटोपून बाया सुपाऱ्या कातरत बसल्या होत्या, पुरुष ओट्यावर टेकले होते, आबाही बाजेवर होते. अक्का पोरांसाठी चिंचा फोडत होती. माझी धाकटी काकू दरवर्षीप्रमाणे म्हणाली, "अक्का, गाडीनी गोष्ट सांग."

अक्काने मान वर केली नाही. म्हणाली, "ती आते हिनी शे. हिले सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आईने कपाळाला आठ्या घातल्या. मी अक्काकडे पाहिलं, ती चिंचेचे दोरे काढत होती. मला उठून जावंसं वाटत होतं. पण लहान पोरं पुढे सरकून बसली होती, त्यांनी तोंडं उघडी ठेवली होती, मग मी सुरू केलं. धूर पहिले बैलसले समजना, मंग अक्काले. इथपर्यंत ठीक झालं. मांडीवर, म्हटलं आणि मी थांबले. आबा बाजेवर उठून बसले होते. नाना जमिनीकडे बघत होते. ओट्यावरून प्रभाकर माझ्याकडे टक लावून बघत होता.

अक्का म्हणाली, "थांबनी काब्रं? नाव ले तिनं."